कोठडीची किल्ली कोणाकडे?

कोल्हापुरात एखादा खून झाला किंवा दोन टोळ्यांत तलवारी निघाल्या की दोन-तीन दिवसांत एक चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पोहोचते. लंगडत चालणारे आरोपी, त्यांच्या दोन्ही बाजूंना पोलीस, रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारी गर्दी आणि शेवटी हात जोडून कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलेली माफी, असा तिचा क्रम आता ठरून गेला आहे. त्यानंतर वाद पेटतो. एक बाजू विचारते, गुंडांना कसले आले मानवाधिकार? दुसरी बाजू म्हणते, वर्दीतली माणसे मुळात क्रूरच असतात. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक दिसत असले तरी त्यांची चूक एकच आहे. प्रश्न पोलिसाच्या स्वभावाचा आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो स्वभाव आवडतो, दुसऱ्याला नाही, इतकाच फरक. माझे म्हणणे असे आहे की पोलीस दलात मानवाधिकार जपले जातील की तुडवले जातील, हे मुख्यतः कामाची विभागणी कशी केली आहे यावरून ठरते. ज्या माणसावर गुन्हा उघडकीस आणण्याचा दबाव आहे त्याच्याच हातात आरोपीच्या कोठडीची किल्ली, स्टेशन डायरीची लेखणी आणि कॅमेऱ्याचे बटण असेल, तर त्या माणसाच्या सद्बुद्धीवर विसंबून राहण्यापलीकडे आपण काहीही केलेले नाही.

जिल्हा पोलीस दलाची रचना वरून पाहिली तर तिथे शाखांची वाण नाही. पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा, सायबर पोलीस ठाणे, आर्थिक गुन्हे शाखा, शहर वाहतूक शाखा, जिल्हा विशेष शाखा, नियंत्रण कक्ष, राखीव निरीक्षकांच्या अखत्यारीतले मुख्यालय असे सारे काही आहे. परंतु या फांद्या वरच्या मजल्यावर पसरलेल्या आहेत. सामान्य माणसाचा संबंध येतो तो बुंध्याशी, म्हणजे पोलीस ठाण्याशी. तिथे सगळी कामे पुन्हा एकत्र येतात. रात्रगस्त घालून आलेला हवालदार सकाळी जबाब लिहितो, दुपारी आरोपीला न्यायालयात हजर करायला नेतो, संध्याकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा राहतो. काही वर्षांपूर्वी एका चोरीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला मी एका ठाण्यात गेलो होतो. जो अंमलदार त्या गुन्ह्याचा तपास करीत होता, त्याच्याच कमरेला कोठडीची किल्ली होती, कारण गार्डचा माणूस बंदोबस्ताला गेला होता. त्या दिवशी काहीही गैर घडले नाही. ते घडले नाही याचे श्रेय त्या अंमलदाराला होते, व्यवस्थेला नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

आता विरोधी बाजूचे जे बळकट मुद्दे आहेत, ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. खटले वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार फितूर होतात, जामिनावर सुटलेला आरोपी त्याच गल्लीत फटाके वाजवून मिरवणूक काढतो आणि ज्याच्या घरातला मुलगा गेला त्याला ते खिडकीतून पाहावे लागते. अशा माणसाला आरोपीच्या हक्कांवर व्याख्यान देणे निर्दयपणाचे आहे. आरोपीची धिंड पाहून त्याला बरे वाटत असेल, तर ते त्याच्या मनाचे विकृतपण नसून इतके दिवस त्याला दुसरे काही मिळालेच नाही याचा तो पुरावा आहे. पोलिसांची बाजूही तितकीच खरी आहे. बारा तासांच्या ड्यूटीचे सोळा तास होणे, जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र, विसर्जनाची रात्र, पेठांच्या फुटबॉलचे अंतिम सामने आणि ऊसदराचे आंदोलन यांत रजा बुडणे, वसाहतीतल्या गळक्या घरात कुटुंब ठेवणे, हे ज्याच्या वाट्याला येते त्याच्याही हक्कांचा विचार कोणी करतो का? आणि गुन्हा चोवीस तासांत उघड झाला पाहिजे असा धोशा लावणारे आपणच असतो.

हे सारे मान्य करूनही धिंडीच्या बाजूने केलेला युक्तिवाद टिकत नाही, आणि तो टिकत नाही याचे कारण पहिल्यांदा पीडितालाच समजायला हवे. अनोळखी हल्लेखोरांच्या गुन्ह्यात ओळख परेड हा महत्त्वाचा दुवा असतो. म्हणूनच अशा आरोपीला न्यायालयात नेताना तोंडावर बुरखा घालतात आणि पुढे कारागृहात दंडाधिकाऱ्यांसमोर साक्षीदाराला त्याची ओळख पटवायला सांगतात. ज्याचा चेहरा आधीच हजारो लोकांनी मोबाइलवर पाहिला, त्याला साक्षीदाराने ओळखले यात विशेष ते काय, असा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि तो योग्यच असेल. तीच गोष्ट कबुलीची. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. न्यायालयाच्या दृष्टीने ज्या माफीला शून्य किंमत आहे ती कॅमेऱ्यासमोर मिळवण्यासाठी, ज्या ओळख परेडीला मोठी किंमत आहे ती गमावायची, हा सौदा पीडिताच्या हिताचा कसा म्हणायचा? रस्त्यावर मिळालेले समाधान आठ दिवस टिकते, निर्दोष सुटकेचा निकाल मात्र कायमचा असतो.

अधिकार विभागले की पोलिसांचा धाक जातो, ही भीती नवी नाही. मद्रास इलाख्यात शारीरिक छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. महसूल वसुली आणि पोलिसी काम एकाच कारकुना-शिपायांच्या हातात असल्यामुळे सारा वसूल करतानाही छळ होतो आणि चोरीचा तपास करतानाही, हे त्या अहवालातून पुढे आले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच, आणि तेही परक्या राज्यकर्त्यांना, एवढे कळले होते की छळाचे मूळ शिपायाच्या रक्तात शोधण्यापेक्षा त्याच्या हातात एकवटलेल्या दोन अधिकारांत शोधावे. त्यानंतर महसुलापासून वेगळे पोलीस खाते आले आणि १८६१ च्या पोलीस कायद्याने त्याचा साचा ठरला. पुढचा टप्पा स्वतंत्र भारतात आला. खटला चालवणारा दंडाधिकारी हाच प्रशासनाचा अधिकारी असू नये, यासाठी मुंबई राज्याने १९५१ साली न्यायिक आणि कार्यकारी कामे वेगळी करणारा कायदा केला आणि देशभरात ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणली. तिसरा टप्पा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला: न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात असू नयेत, त्यांचे स्वतंत्र संवर्ग असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. महसूल गेला, न्यायदान गेले, अभियोग गेला. यांपैकी कोणत्या टप्प्यावर राज्य कोसळले? उलट प्रत्येक वेळी पोलिसाचे काम अधिक स्वच्छ झाले, कारण जे त्याचे नव्हते ते त्याच्याकडून काढून घेतले गेले. याच मालिकेतली पुढची पायरी म्हणजे तपास आणि कोठडी वेगळे करणे, आणि तिथे आपण थबकलो आहोत.

करवीरच्या वाचकाला तर याहून जवळचा दाखला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि रोजच्या हजेरीने त्यांना जखडून टाकले. हजेरी घेणाऱ्याच्या हातात त्या माणसाचा दिवस, त्याची मजुरी आणि त्याची अब्रू असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी घरे दिली, कामे दिली आणि पहाऱ्यावर नेमले. ज्यांना चोर म्हणून मोजले जात होते त्यांच्याच हाती राखणदारी सोपवली. महाराजांचा हा निर्णय आपण दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगतो आणि त्यातला प्रशासनाचा धडा विसरतो. त्यांनी हजेरी घेणाऱ्यांना जरा सौम्य व्हा असा उपदेश केला नाही, हजेरी घेण्याचा अधिकारच काढून घेतला. ब्रिटिश मुलखातला तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि आजही एखाद्या घरफोडीनंतर पहिला छापा पारध्यांच्या पालावर पडतो हे पाहिले की हजेरीपटाची सवय अजून गेलेली नाही हे कळते.

१८६१ चा साचा ज्या आयरिश सशस्त्र पोलीस दलावरून घडला, त्या दलाच्या मायभूमीत पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये दीर्घ हिंसाचारानंतर पॅटन आयोगाने १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या आणि त्यांतली पहिलीच शिफारस पोलीस कामाचा पाया मानवाधिकारांवर ठेवण्याची होती. २००१ मध्ये तिथले दल नव्या नावाने उभे राहिले, त्याआधीच पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांबाहेरच्या लोकपालाकडे गेल्या होत्या. हे सगळे बॉम्बस्फोटांच्या सावलीत झाले, शांत सुखी गावात नाही. त्याहीपेक्षा आपल्या उपयोगाची गोष्ट इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात आहे. १९७२ सालच्या लंडनमधील एका खुनात तीन मुलांकडून घेतलेले कबुलीजबाब पुढे टिकले नाहीत. त्यातून चौकशी आयोग बसला आणि त्यातून हा कायदा आला. त्याने कोठडी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण केले. हा अधिकारी किमान सार्जंट दर्जाचा असतो आणि त्या गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध नसतो. आरोपीला आत घ्यायचे की नाही, त्याला वकील मिळाला का, तो जेवला का, त्याच्या अंगावर जखमा आहेत का, याची नोंद त्याने ठेवायची. तपास करणाऱ्याने आरोपी मागायचा तो त्याच्याकडून. दोघेही पोलीसच, पण दोघांचा स्वार्थ वेगळा. तपास करणाऱ्याला गुन्हा उघड करायचा आहे, तर कोठडीवाल्याला ज्या स्थितीत माणूस घेतला त्याच स्थितीत परत द्यायचा आहे. गोदामात माल देणारा आणि घेणारा वेगळा ठेवण्याची दक्षता आपल्याकडचा कोणताही गुळाचा अडत्या घेतो. माणसाच्या बाबतीत ती नको का?

नियमांची आपल्याकडेही कमतरता नाही. कोठडीतील छळाविषयीच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, नावाची स्पष्ट पट्टी आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सारे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक ठाण्यात अटकेतील लोकांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमायला सांगितले आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रण किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. पण हे कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी कोणावर? त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच कपाटात चित्रण. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या सांगलीत काय घडले ते या भागातला कोणी विसरलेला नाही. कोठडीत तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर आरोपी पळून गेल्याचे सांगण्यात आले, आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याच्या आरोपावरून उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. खटल्याचा न्याय न्यायालय करील. पण असे खोटे सांगणे शक्य तरी का झाले, हा रचनेचा प्रश्न निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही. आरोपीला कोठडीबाहेर काढताना दुसऱ्या शाखेच्या माणसाची सही, वेळ आणि कारण लागले असते, तर ‘पळून गेला’ हे वाक्य निदान इतक्या सहज उच्चारता आले असते का?

यावर पोलीस अधिकारी जो आक्षेप घेतात तो मनुष्यबळाचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आहे त्या संख्येत आणखी एक शाखा कशी काढायची? माझे उत्तर असे की प्रत्येक ठाण्यात कोठडी हवीच असे कुठे आहे? अनेक ठाण्यांना आजही स्वतःची वापरण्याजोगी कोठडी नसते आणि तिथले आरोपी शेजारच्या ठाण्याच्या कोठडीत ठेवले जातात. ही आज नाइलाजाने होणारी गोष्ट धोरण म्हणून करावी. उपविभागात एक किंवा दोन सुसज्ज कोठड्या, त्यांचा ताबा पोलीस ठाण्याकडे न ठेवता मुख्यालयाकडे, म्हणजे राखीव पोलीस निरीक्षकांच्या साखळीत, आणि चित्रणाचा साठा जिल्हा पातळीवर. दहा ठिकाणी विखुरलेले पहारे एकत्र आले तर माणसे वाचतील, वाढावी लागणार नाहीत. दुसरा आक्षेप असा की तपास वेगळा काढला तर बीट अंमलदाराची, म्हणजे ठरावीक वस्ती सांभाळणाऱ्या पोलिसाची, स्थानिक माहिती वाया जाते. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करायला सांगितले तेव्हा दोन्ही शाखांत पूर्ण समन्वय राखण्याची अपेक्षाही ठेवली. तपास वेगळा झाला तर सर्वांत मोठा फायदा तपासालाच आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. विशेष तपास पथक आले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ मध्ये तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. तपासाचे असे हात बदलावे लागतात तेव्हा सातत्याची केवढी किंमत मोजावी लागते, हे या शहराने अनुभवले आहे.

मानवाधिकार म्हणजे आरोपीचे हक्क, हे समीकरणही इथेच मोडून काढले पाहिजे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जमावाने घरे आणि मशीद फोडली. त्या घरांतल्या बाया-मुलांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. जगण्याचा आणि निर्धास्त झोपण्याचा त्यांचा हक्क पोलिसांनी काय केले यामुळे नव्हे, तर जे वेळेत केले नाही त्यामुळे गेला. जून २०२३ मध्ये शहरात तणाव उसळला, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झाले, तेव्हाही प्रश्न तोच होता: गोपनीय शाखेला आलेली माहिती बंदोबस्ताच्या आखणीपर्यंत किती वेगाने पोहोचते? सद्रक्षणाय खलनिग्रहणाय या आपल्या पोलिसांच्या ब्रीदात रक्षण आधी येते, निग्रह नंतर, आणि शाखांची आखणी त्या क्रमाने व्हायला हवी. त्या रक्षणात वर्दीतल्या माणसाचे रक्षणही मोडते. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला होता. सोळा तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातून संयमाची अपेक्षा करायची तर आधी त्याला झोप मिळाली पाहिजे.

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय हवे ही मागणी अधूनमधून वर येते, आणि तिची चर्चा पदे किती वाढतील, गाड्या किती येतील यापुढे जात नाही. आयुक्तालय झाले की आज तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे असलेले काही अधिकार पोलिसांकडे येतात: प्रतिबंधात्मक कारवाईची सुनावणी, जमावबंदी, धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या १९८१ च्या कायद्याखालची (एमपीडीए) स्थानबद्धता. प्रस्ताव करणारा आणि सही करणारा एकाच इमारतीत येतात. मोठ्या शहराला जलद निर्णय लागतात हे मला मान्य आहे आणि आयुक्तालयाला माझा सरसकट विरोध नाही. पण एका हातात एवढे एकवटणार असेल तर दुसऱ्या बाजूने काय वेगळे काढणार, हे त्याच प्रस्तावात लिहिलेले असले पाहिजे. तक्रारीच्या दाराचेही तसेच. प्रकाश सिंह निकालाने जिल्ह्याजिल्ह्याला निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितले होते. महाराष्ट्राने पोलीस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग या पातळ्या धरल्या. कोल्हापूर पुणे विभागात येते. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडच्या शेतमजुराला हवालदाराविरुद्ध दाद मागण्यासाठी विभागाचे दार दाखवायचे, तर ते दार असून नसल्यासारखे आहे. उच्च न्यायालयाच्या बाबतीत हेच अंतर इथल्या वकिलांनी दशकानुदशके लढून कमी करून घेतले आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या इथे बसणाऱ्या पीठाचे, उद्घाटन झाले; पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारी सहा जिल्ह्यांची कागदपत्रे आता इथे येतात.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलीस दलासाठी वाहने आणि कॅमेरे घेतले जातात, आणि त्या समितीत आपण निवडून दिलेली माणसे बसतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एकच विषय मांडावा: जिल्ह्यातल्या प्रत्येक कोठडीची किल्ली आज कोणाच्या ताब्यात आहे, ती व्यक्ती त्याच ठाण्यातल्या तपासावर काम करते का, आणि तिथल्या कॅमेऱ्याचे चित्रण कोणत्या खोलीत साठवले जाते, याची ठाणेनिहाय यादी. ही यादी तयार करायला नवा कायदा लागत नाही, आणि ती हातात आली की मुख्यालयाच्या ताब्यातल्या पहिल्या दोन कोठड्यांसाठी किती खर्च येईल हे मांडणे फार अवघड नाही.